फिल्टर चोंदला, तळं हिरवं, कुत्रा लटपटतोय: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

कुत्रा आत्ता थरथरत असेल, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत असतील किंवा मागचे पाय ओढत असेल, तर हे वाचत बसू नका. नळाच्या पाण्याने त्याला भराभर धुवा आणि गाडीत घाला. दवाखान्यात काय सांगायचं ते शेवटी लिहिलंय. ते वाटेत वाचा, म्हणजे गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर.

बाकीच्यांसाठी सावकाश सांगतो. मी सिन्नर भागात ठिबकची आणि शेततळ्यांची कामं करतो. अस्तर जोडणं, पंप बसवणं, सँड फिल्टर साफ करणं. फेब्रुवारी सरला की फोन सुरू होतात, "भाऊ, फिल्टर परत चोंदला." मी जातो, बॅकवॉश देतो (म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुतो), वाळू बदलतो, चहा पितो. निघताना बांधावर कोणीतरी सहज म्हणतं, "आणि काय झालंय कोण जाणे, कुत्रं दोन दिवस खातच नाही." पहिली काही वर्षं या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं: तळ्यात वाढलेलं विषारी निळं-हिरवं शेवाळ. आता फिल्टरची तक्रार आली की मी आधी विचारतो, "कुत्रं कुठंय?"

लक्षणं, आधी पाण्याची

फिल्टर हा सगळ्यात लवकर बोलतो. एरवी आठवड्याला एक बॅकवॉश पुरत असेल आणि अचानक रोज दोनदा द्यावा लागत असेल, फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबात अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसत असेल, तर पाण्यात काहीतरी वाढतंय. मग तळ्याकडे बघा. हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग, वाटाण्याच्या आमटीसारखं दाट पाणी किंवा पाण्यात रवा विरघळल्यासारखे हिरवे कण. काठाला जिथे थर सुकतो तिथे निळसर किंवा पांढुरकी रेघ. ही निळी रेघ मला फार महत्त्वाची वाटते, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशी मरायला लागल्या की त्यांचा निळा रंग बाहेर पडतो. साधं शेवाळ मेलं की पिवळं-तपकिरी पडतं, निळं पडत नाही.

वासही घ्या, लांबून. सुरुवातीला ओल्या मातीचा येतो. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो ज्या जिओस्मिनचा, तेच हे. पुढे थर कुजला की नाक धरावं लागतं. कुत्र्यांना मात्र हा कुजका वास आवडतो, तिथेच सगळी गोची आहे.

लक्षणं, कुत्र्याची

दोन वेगळ्या तऱ्हा दिसतात, कारण विषं वेगळी आहेत. हे ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर शेवाळच नव्हे. ते उन्हावर जगणारे जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. त्यातल्या काही जाती यकृतावर जाणारं विष बनवतात, काही मज्जातंतूंवर जाणारं.

मज्जातंतूंचं विष (अॅनाटॉक्सिन) फार घाई करतं. पाणी पिऊन पंधरा-वीस मिनिटांत ते काही तासांत लाळ, थरथर, झोकांड्या, ताठ होणं, झटके, मग श्वास अडकणं. कधीकधी तासाभरात खेळ संपतो.

यकृताचं विष (मायक्रोसिस्टिन) सावकाश काम करतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, कधी रक्ताचे, खाणं बंद, कोपऱ्यात पडून राहणं. हिरड्या पांढुरक्या. पुढे डोळे पिवळे. इथे आपल्याकडे हमखास घोळ होतो. पिवळे डोळे आणि फिकट हिरड्या म्हणजे गोचीड ताप, असं समजून त्याचं इंजेक्शन दिलं जातं. पावसाळ्यात लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) असाच दिसतो. मे महिन्यात उष्माघात, रब्बीत फवारणीचं औषध, रात्रीचा साप, हे सगळे याच रांगेत उभे असतात. घरी बसून यातलं नेमकं काय हे ठरवणं तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेर आहे. आपलं काम एवढंच, की "तळ्याचं पाणी हिरवं आहे आणि हा तिथे गेला होता" ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायची. कुणी सांगितलंच नाही तर त्यांना ते सुचणार कुठून?

पहिली तपासणी: पाण्याचं भांडं (खर्च शून्य)

हसू नका. मी गेलो त्यातल्या निम्म्या ठिकाणी कुत्र्याचं भांडं एकतर कोरडं होतं, नाहीतर पत्र्याचं आणि उन्हात. दुपारी दोन वाजता त्यातलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं. शेजारी हजारो लिटर गार पाणी आहे म्हटल्यावर कुत्रा कुठे जाणार? दगडी डोणी किंवा मातीचं परळ, सावलीत, सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरायचं. एवढ्याने तळ्यावरच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात. पोहायची सवय असलेला लॅब्राडोर मात्र याने थांबत नाही, त्याला दोरीच लागते.

दुसरी: सकाळी सातला तळ्यावर जा

दुपारी बघून "पाणी ठीक आहे" म्हणणारे फार भेटतात. या जिवाणूंच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. रात्री वारा पडला की ते वर तरंगून येतात आणि पहाटे पृष्ठभागावर साय धरते. ऊन आणि वारा चढला की थर मोडतो, खाली जातो किंवा एका काठाला ढकलला जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेचा काठ बघायचा. चार काठांपैकी तीन स्वच्छ आणि चौथ्यावर तळहाताएवढा जाड थर, असं पुष्कळदा असतं. कुत्रा कोणत्या काठाने उतरतो तेही बघा. उतार जिथे सोपा, तिथेच कचरा गोळा होतो.

तिसरी: काठी

लांब काठी थरात घालून वर काढा. हिरव्या केसांसारखे धागे लोंबत आले तर ते बहुतेक साधं तंतूचं शेवाळ. त्याने ठिबकचं वाटोळं होईल, कुत्र्याचं सहसा होत नाही. काठी रंगात बुडवल्यासारखी निघाली तर संशय धरा. टिकल्यांसारखी बारीक पानं आली तर ती टिकली वनस्पती. लालसर मखमल असेल तर अझोला, जो लोक गाईंना मुद्दाम खाऊ घालतात. एकदा एका फार्महाऊसवाल्यांनी रात्री साडेदहाला घाबरून बोलावलं, तळं रक्तासारखं लाल झालंय म्हणून. अझोला होता. चहाऐवजी जेवूनच आलो.

चौथी: बरणी

हातमोजे घाला, ही अट आहे. काचेची बरणी थराखालच्या पाण्याने तीन चतुर्थांश भरा, झाकण सैल ठेवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. (घरच्यांना विचारून, आणि वर चिठ्ठी लावून. नाहीतर कोणी पुदिन्याचं सरबत समजेल.) सकाळी हिरवं तळाशी बसलं असेल तर ते बहुधा दुसरं काही. वर येऊन कड धरली असेल तर त्या हवेच्या पोकळ्यांचं काम, म्हणजे निळं-हिरवं असण्याची शक्यता दाट.

एक लक्षात ठेवा. काठी आणि बरणी यांनी जात ओळखायला मदत होते, विष आहे की नाही ते कळत नाही. एकच जात एका महिन्यात विष बनवते, दुसऱ्या महिन्यात बनवत नाही. म्हणून बरणीत वर आलं की मी विष आहे असंच धरून चालतो.

पाचवी: बॅकवॉशचं डबकं

हे मी कुठे छापलेलं वाचलं नाही, अंगावर आलं म्हणून शिकलो. फिल्टर उलटा धुतला की आठवड्याभराचं साठलेलं हिरवं एका दमात बाहेर पडतं. म्हणजे अख्ख्या तळ्याचा अर्क. आणि ते पाणी आपण सोडतो कुठे? पंपघरामागे, बाभळीखाली, जिथे कुत्रा दुपारी पडलेला असतो.

एका द्राक्षबागेत मी असाच बॅकवॉश देऊन निघून गेलो. त्यांची काळी कुत्री आणि तिचं पिल्लू त्या डबक्यात प्यायली. कुत्रीने संध्याकाळी ओकायला सुरुवात केली, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, चौथ्या दिवशी गेली. पिल्लू वाचलं, बहुतेक थोडंच प्यायलं असेल. तपासणी कोणी केली नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण त्यानंतर मी बॅकवॉशच्या तोंडाला वीस फूट पाइप जोडतो आणि खड्डा घेऊन त्यात सोडतो, वर काटेरी फांद्या. ज्यांच्याकडे फिल्टर आहे त्यांनी ही तपासणी पहिल्या नंबरवर घेतली तरी माझी हरकत नाही.

याच जोडीला काठावर सुकलेले पापुद्रे बघा. वाळले म्हणजे निरुपद्रवी झाले असं नाही, सुक्या थरात विष बरेच दिवस टिकतं. कुत्रे ते पापडासारखे चावून खातात.

आणि पाणी नितळ असेल तरी तळाचा थर बघा. न्यूझीलंडमध्ये हट नदीकाठी २००५ साली कुत्री दगावली ती वाहत्या, स्वच्छ पाण्याच्या नदीत. तिथे दगडांवर काळसर-तपकिरी साय वाढली होती, ती सुटून काठाला लागली आणि कुत्र्यांनी खाल्ली. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ऑस्टिनच्या लेडी बर्ड लेकमध्ये पोहून आलेली कुत्री मेली, तिथेही विष तरंगत्या गठ्ठ्यांमध्ये सापडलं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे ठाऊक असेल. तळ्यांवर पाट्या लागतात, त्या वाचून मगच कुत्रा सोडायचा. आपल्याकडे पाटी नसते. कोल्हापूरचा रंकाळा हिरवा झाला की पेपरात फोटो येतो. शेततळ्याचा फोटो कोण छापणार?

सहावी: पाण्यात कोणी काही टाकलंय का?

हा प्रश्न मी आता दोनदा विचारतो, एकदा मालकाला आणि एकदा गड्याला. कारण उत्तर बहुतेक वेळा "मोरचूद" (कॉपर सल्फेट) असतं, आणि मालकाला माहीत नसतं.

मोरचूद टाकला की तळं दोन-तीन दिवसांत झकास निवळतं. लोक खूश होतात, कुत्र्याची दोरी सोडतात. आणि नेमका तोच काळ सगळ्यात वाईट. जिवंत पेशीत विष बरंचसं आत कोंडलेलं असतं. मोरचूदाने पेशी फुटतात आणि ते सगळं पाण्यात उतरतं. हिरवं पाणी बघून निदान माणूस तरी सावध होतो, या पाण्यावर कोणाला शंकासुद्धा येत नाही.

हा काही माझा शोध नाही. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर १९७९ साली धरणाच्या पाण्यातली शेवाळाची वाढ मारायला मोरचूद टाकला, आणि काही दिवसांत शंभरावर माणसं, बहुतेक लहान मुलं, यकृत सुजून दवाखान्यात गेली. कारण शोधता शोधता लोक त्याच पाण्यातल्या एका निळ्या-हिरव्या जातीपर्यंत पोचले. त्याच देशातली त्याहून जुनी नोंद १८७८ ची आहे. जॉर्ज फ्रान्सिस नावाच्या गृहस्थाने अलेक्झांड्रिना सरोवराचं पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, डुकरं आणि कुत्री मरत असल्याचं 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. थर हिरव्या ऑइलपेंटसारखा, हे वर्णनही तेव्हाचंच. मी वर तेच वापरलं, कारण दुसरं चपखल काही सुचत नाही.

मोरचूद पडलाच असेल तर पाणी कितीही नितळ दिसो, किमान दोन आठवडे, जमल्यास तीन, कुत्रा आणि जनावरं त्या पाण्यावर नेऊ नका. उकळून उपयोग नाही. ही विषं उकळल्याने मरत नाहीत, उलट पाणी आटतं आणि ती दाट होतात. तुरटी फिरवूनही पाणी फक्त दिसायला स्वच्छ होतं, विरघळलेलं विष तसंच राहतं.

सातवी: त्याला खायला कोण घालतंय

इथून पुढे काम महिन्यांचं आहे. या जिवाणूंना तीन गोष्टी लागतात: ऊब, स्थिर पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस). पाण्याचं तापमान पंचवीस अंशांच्या वर गेलं की त्यांची चैन. ऊन आपल्या हातात नाही. स्फुरद आहे.

तळ्याच्या वरच्या अंगाला डीएपी किंवा १०:२६:२६ अशी स्फुरदाची खतं पडतायत का, आणि पावसाचं पाणी तिकडून तळ्यात येतं का? शेणाचा उकिरडा काठावर आहे का? धुणं तळ्यावर होतं का? तळ्यात रोहू-कटला सोडलेत म्हणून शेणखत, कोंबडखत टाकताय का? मत्स्यपालनात पाणी थोडं हिरवं हवंच असतं, ते माशांचं अन्न. पण खताचा हात सैल सुटला की साध्या हिरव्याची जागा निळं-हिरवं घेतं. खत थांबवलं म्हणून या हंगामात फरक दिसेल अशी आशा ठेवू नका, गाळात साठलेलं स्फुरद पुढचं वर्षभर पुरतं. म्हणून मे अखेरीस तळं आटलं की गाळ काढायचा, अस्तर ब्रशने धुवायचं, आणि तो गाळ वाळवून लांब शेतात टाकायचा. काठावर ढीग करून ठेवाल तर जूनच्या पहिल्या सरीत तो परत आत.

पाणी हलतं ठेवणारा एरेटर मदत करतो, वीज असेल तर. वर शेडनेट ताणली तर वाढ खूप कमी होते आणि बाष्पीभवनही. खर्च मात्र मोठा आहे.

आणि कुंपण. शेवाळ राहो बाजूला, ५०० मायक्रॉनच्या अस्तरावरून कुत्र्याला वर चढता येत नाही. नखं सटकतात. बुडून मेलेली कुत्री मी विषाने मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत. जाळी लावा, आणि आत चारही बाजूंना दोरीला बांधलेले जुने टायर सोडा.

हात कुठे थांबवायचा

पाण्याच्या बाबतीत: बरणीत थर वर आला, आणि त्याच पाण्यावर गाई-म्हशी किंवा माणसं अवलंबून आहेत, तर स्वतःचे प्रयोग बंद. नमुना जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली जात तरी कळेल. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम धरली आहे. एवढ्याशाचा अंदाज डोळ्याला येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

कुत्र्याच्या बाबतीत थांबण्याची जागा फार अलीकडे आहे. हिरव्या पाण्यात गेला आणि एक उलटी झाली, एवढ्यावर निघायचं. "संध्याकाळपर्यंत बघू" यात संध्याकाळ जाते आणि कुत्राही.

निघण्याआधी पाच मिनिटं: हातमोजे घालून नळाच्या पाण्याने अंग धुवा, पोटाखाली आणि पंजांच्या फटीत नीट. कुत्रे अंगावरचं चाटून पुन्हा तेवढंच विष पोटात घेतात, म्हणून तोंड धरा किंवा टॉवेलात गुंडाळा. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, मिठानेच कुत्रा मरू शकतो. ताक, तूप, दूध, तेल काही नाही. थरथरणाऱ्या कुत्र्याच्या घशात काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

या विषाला उतारा नाही. डॉक्टर सलाईन लावतात, झटके थांबवतात, यकृत सांभाळतात, प्राणवायू देतात, लवकर पोचलात तर पोट रिकामं करून विष शोषणारा औषधी कोळसा देतात. म्हणजे सगळी भिस्त वेळेवर. गावच्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर नसेल तर तिथे थांबून वेळ घालवू नका, पदवीधर डॉक्टर असेल तिथे जा. १९६२ हा नंबर मुळात गाई-गुरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी आहे, त्यावर सल्ला विचारा पण गाडीची वाट बघू नका. शिरवळचं किंवा मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय टप्प्यात असेल तर तिकडे.

निघताना फोन करून हे सांगा: कुत्र्याचं वजन, किती वाजता पाण्यात गेला, पहिलं लक्षण किती वाजता, तळ्यात मोरचूद पडलाय का, आणि आसपास दोन दिवसांत कोणती फवारणी झाली. शेवटचं विसरू नका. ऑर्गेनोफॉस्फेट औषधाची लाळ आणि यातल्या एका शेवाळी विषाची लाळ अगदी सारखी दिसते, आणि फवारणीच्या औषधावर इलाज वेगळा आहे. बाटलीचं लेबल, तळ्याचा मोबाइलवर फोटो, बंद बरणीत तळ्याचं पाणी आणि जमल्यास उलटी, एवढं बरोबर घ्या.

घरी दुसरा कुत्रा असेल तर निघण्याआधी त्याला बांधा. तोही त्याच डबक्यावर जातो.